वाडा राखायचा तर धाब्यापासून

पहिला पावसाळा संपेपर्यंत वाड्यातली एक वीटही हलवू नका. धाब्यावर, म्हणजे मातीच्या छतावर, खारी तेवढी याच आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) टाकून घ्या, ते काम कुणासाठी थांबत नाही. बाकी सगळं थांबू द्या. तुम्ही दोघांनी पुणं सोडून इथे यायचं आणि वाडा नीट करायचं मनावर घेतलंत, याचा मला फार आनंद झाला आहे. म्हणूनच हे आधी सांगते. चांगल्या मनाने, भरपूर पैसा घालून केलेल्या दुरुस्तीने खचलेले वाडे मी आपल्या तालुक्यातच पाहिले आहेत.

जून ते सप्टेंबर खडूचा तुकडा जवळ ठेवायचा. पाऊस झाला की सगळ्या खोल्यांतून फिरायचं. भिंतीवर ओल जिथवर चढली असेल तिथे रेघ मारायची, शेजारी तारीख लिहायची. छतातून थेंब पडला तर खाली जमिनीवर खूण करायची. पुढच्या पावसात रेघ वर गेली की तिथेच राहिली ते बघायचं. दिवाळीला त्या रेघा एकदा नीट न्याहाळल्या की पहिला रुपया कुठे घालायचा हे कुठल्याही इंजिनिअरला विचारावं लागत नाही. इंजिनिअर आलाच तर त्याला आधी त्या रेघा दाखवा.

या चार महिन्यांत वाडा बघायलाही शिका. आपल्या वाड्यात दोन काळ आहेत. मागचा चौक मराठेशाहीतला, रस्त्याकडचा भाग कापसाच्या तेजीतला. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिथला कापूस विलायतेला पोहोचेना आणि आपल्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. त्याच दशकात खानदेशात रेल्वे आली. हातात पैसा खेळू लागल्यावर लोकांनी जुन्या घरांना नवं तोंड बांधलं. तुम्हाला हे विटांवरूनही ओळखता येईल. मागच्या विटा पातळ, चपट्या आहेत, पुढच्या नऊ इंची आणि जाड. मागच्या दारांना लोहाराने ठोकलेले चौकोनी खिळे आहेत. पुढे बिडाचे कठडे आणि रंगीत काचा आहेत. मागच्या चौकातले खांब सुरूच्या झाडाच्या आकाराचे, खाली भरदार आणि वर निमुळते, माथ्यावर केळफुलं कोरलेली. पुण्याच्या विश्रामबागवाड्याच्या दर्शनी भागावर आहेत त्याच घराण्यातले. नाशिकहून धुळ्याकडे येताना चांदवडला गाडी थांबवा आणि होळकरांचा रंगमहाल बघा. तिथलं लाकूडकाम डोळ्यांत साठवून मग आपल्या चौकात उभे राहा. आपल्या सुताराने कमी पैशात, सातपुड्याच्या सागात काय साधलं ते तेव्हा उमगेल.

खांब आणि तुळई जिथे भेटतात तिथे हात लावून बघा. एका लाकडाचं टोक दुसऱ्याच्या खाचेत बसवलेलं आहे आणि वरून लाकडी पाचर मारलेली आहे. मोठ्या सांध्यांत लोखंड नाही. उन्हाळ्यात लाकूड आकसतं, पावसाळ्यात फुगतं, आणि सांधा त्याला तेवढी मोकळीक देतो. त्यात बोल्ट घातला की लाकूड तिथेच चिरतं. सांधा ढिला वाटला तर नवी पाचर मारा, तीही जुन्या सागाचीच.

आता धाब्याचं सांगते. आपल्याकडचा वाडा वरून मरतो, म्हणून राखायचाही वरूनच. खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या, त्यावर कडुलिंबाचा पाला आणि तुराट्या-पऱ्हाट्यांचा थर, त्यावर माती आणि सगळ्यात वर खारी, अशी आपल्या धाब्याची उतरंड. ही खारी म्हणजे पांढरट खारवट माती. तिच्यात क्षार असल्याने गवत उगवत नाही, आणि पहिल्या पावसात ती फुगून स्वतःच्या भेगा स्वतः बुजवते. नुसती काळी माती टाकली तर उन्हात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मुरूम टाकला तर पाणी सरळ खाली उतरतं.

खारी ओळखायची रीत माझ्या सासूबाईंनी मला दाखवली होती, तीच तुम्हाला सांगते. मूठभर माती भिजवून तिची चपटी वडी करायची, दोन दिवस उन्हात वाळवायची, मग मधे खळगा करून त्यात पाणी ओतायचं. पाणी गढूळ होऊन तसंच वर राहिलं तर खारी उत्तम. पाणी लगेच मुरलं तर ती माती परत पाठवायची, ट्रॅक्टरवाला कितीही शपथा घेवो.

वेळ आखाजीपासून मृग लागायच्या आधीपर्यंतची. आखाजीला माहेरवाशिणी येतात, झोके बांधले जातात, घर भरलेलं असतं. आमच्या वेळी त्याच गर्दीतून धाब्यासाठी हात मिळायचे. पाट्या वर चढवायला पोरं, पसरायला बाया. जुना थर आधी खरवडून उतरवायचा, हे विसरू नका. लोक दर वर्षी वरच्यावर नवी खारी टाकत जातात आणि कड्या वाकायला लागल्या की लाकडाला दोष देतात. एक फूट जाडीची माती एका चौरस मीटरवर जवळजवळ ५०० किलो भरते, भिजली की आणखी. जेवढी उतरवाल तेवढीच चढवा.

उतार पन्हाळीकडे आहे का ते बघायला माणसाचा डोळा कमी पडतो. बादलीभर पाणी ओता आणि बघत बसा. पन्हाळ भिंतीपासून चांगली हातभर बाहेर हवी. आखूड पन्हाळीचं पाणी भिंतीवरून ओघळतं आणि दोन पावसाळ्यांत भिंतीच्या पायाशी पोचतं. चिमण्या-कबुतरं पन्हाळीत काड्या भरतात, म्हणून रोहिणी लागल्या की एक काठी फिरवून घ्यायची. स्वयंपाकघराच्या वर धूर जायला सानं ठेवलेलं आहे. त्याच्यावर झाकण घालायचं, पण ते लिंपून बंद करायचं नाही. उजेडाची आणि हवेची वाट तीच आहे.

पाऊस सुरू असताना गळायला लागलं तर थेंबाच्या बरोबर वर भेग शोधू नका. पाणी कडीच्या कडेने चार-पाच हात चालत जातं आणि मग पडतं. पाऊस थांबला, माती थोडी आळली की उताराच्या वरच्या अंगाला शोधा, आणि ओली खारी टाचेने दाबून बसवा. उन्हाळ्यात धाब्यावर पापड-कुरडया वाळत घाला, मिरच्या पसरा. अनवाणी पाय रोज वर फिरले की पोकळ झालेली जागा पायालाच कळते.

सिमेंटच्या स्लॅबचा विचार मनातून काढून टाका. मातीच्या भिंतींवर आणि जुन्या तुळयांवर तो चढवणं म्हणजे वाडा पाडायची तारीख ठरवणं. पत्र्याला मात्र माझा तेवढा विरोध नाही. धाब्याच्या वर, त्याच्याशी न जोडता, हवा खेळेल एवढी जागा सोडून पत्र्याची छत्री धरली तर दिसायला बरं दिसत नाही, पण माणसं मिळेनाशी झाली की तेवढी सोय करावी. हौस पुढे कधीही करता येईल, कुजलेली तुळई परत मिळत नाही.

धाब्यानंतर पायथा. धुळ्याला, जळगावला, कुठल्याही गावात जुन्या गल्लीत फिरा. रस्ता दर वेळी नव्याने सिमेंटचा होतो, जुना न उखडता, आणि वाड्याचे ओटे हळूहळू रस्त्याखाली जातात. पायऱ्या मोजून बघा, आपल्याही दोन गिळल्या गेल्या आहेत. पुन्हा काम निघेल तेव्हा आधीचा थर काढायला लावा, लेखी अर्ज द्या, गल्लीतल्या सगळ्यांच्या सह्या घ्या. तोवर ओट्याच्या पुढून उघडी चारी ठेवा. चौकात फरशी बसवायचा मोह फार होतो. मातीच्या चौकातून ओल उन्हाने उडून जाते. वर सिमेंट आणि टाइल्स आल्या की तिला एकच वाट उरते, भिंतीची. मग कमरेएवढ्या उंचीपर्यंत लोणा फुटतो, आणि लोक त्यावर सिमेंटचा गिलावा करतात. ओल आणखी वर चढते. हे एकदा सुरू झालं की दहा वर्षांत भिंत आतून भुगा होते. भिंतीला श्वास घेऊ द्या. शेणामातीचा किंवा चुन्याचा गिलावा पाणी सोडून देतो, सिमेंट धरून ठेवतं.

खांबांचे तळखडे उघडे राहिले पाहिजेत. खांब दगडावर उभा केला तो जमिनीची ओल आणि वाळवी त्याला लागू नये म्हणून. जमीन उंच करून तळखडा पुरला की बांधणाऱ्या शहाण्या माणसाने केलेलं सगळं वाया जातं. माझ्या माहेरच्या वाड्यात असंच झालं. वरून खांब चकाकत होता, खालून पोकळ. महिन्यातून एकदा खांबाच्या पायाशी बोटाने वाजवून बघा. भरीव लाकडाचा आवाज आणि पोकळ लाकडाचा आवाज कानाला लगेच कळतो.

चुन्याचं काम दिवाळीनंतर काढा. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. तेव्हा केलेला चुना पकडायच्या आधीच वाळतो आणि पापुद्रे सुटतात. त्याला थंडी आणि ओलावा हवा. कळीचा चुना विरवताना उकळतो, डोळ्यांत उडाला तर दृष्टी जाते, म्हणून पोरांना जवळ फिरकू देऊ नका. विरवलेला चुना निदान महिनाभर पाण्याखाली राहू द्या. घाणीत वाळू आणि विटांची सुरखी घालून मळलेला असेल तर उत्तमच. जुने गवंडी त्यात गुळाचं पाणी, बेलफळाचा गर घालत. गिलावा झाला की पंधरा दिवस सकाळ-संध्याकाळ पाण्याचा हबका मारायचा, गोणपाट ओलं करून लावायचं. हे करायला घरात माणूस नसेल तर त्या वर्षी काम काढू नका.

लाकडावरचा ऑइलपेंट हा आणखी एक जाच. आपल्या दिवाणखान्यातल्या खांबांवर हिरवा, निळा आणि चॉकलेटी असे तीन थर आहेत. तो काढायला आगीची बत्ती किंवा मशीन लावू देऊ नका, कोरीव कामाच्या कडा जातात. कुणीतरी बसून, हळूहळू, बोथट पात्याने काढावा. पुढे जवसाचं तेल आणि टर्पेंटाइन, फडक्याने, पातळ हात. तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप पेटतात. पाण्यात भिजवून, मग उघड्यावर वाळवून टाका.

आगीचं निघालंच आहे तर सांगते. १८२८ साली पुण्याचा शनिवारवाडा जळला. आज तिथे दगडी तट, दिल्ली दरवाजा आणि जोती उभी आहेत, लाकडाचं वैभव राहिलं नाही. आपला वाडाही तेवढाच लाकडाचा आहे. वीजजोडणी सगळी नवीन करा, त्यात काटकसर नको. लाकडाला चिकटून वायर नेऊ नका, नळीतून न्या. देवघरात समई पेटती ठेवून कुणी गावाला जायचं नाही.

भिंतीतला पिंपळ सरसकट ओढून काढू नका. अंगठ्याएवढा असेल तर पावसात मुळासकट येतो. मनगटाएवढा झाला की त्याच्या मुळांनीच भिंत धरलेली असते. मग बुंधा कापून मूळ जागीच मारावं लागतं आणि नंतर फट चुन्याने भरावी लागते. मागच्या अंगणात जुनी पेवं आहेत, त्यांची तोंडं मी फरशीने झाकली आहेत. उघडायची वेळ आली तर दिवसभर उघडी ठेवून मग कंदील खाली सोडा. कंदील विझला तर आत माणूस उतरवू नका. पेवाच्या तळाशी साचलेल्या हवेने जीव जातो.

दाराकडे डोळा ठेवून माणसं येतील. गाडीतून येतील, चहा घेतील, कौतुक करतील आणि जाताना म्हणतील की आजी, हा दरवाजा असाही कुजतोय, आम्ही नवा लोखंडी बसवून देतो आणि वर पैसे देतो. आपल्या भागातल्या किती महिरपी, किती गणेशपट्ट्या अशा हॉटेलांच्या भिंतींवर गेल्या! १९७२ चा कायदा आहे, शंभर वर्षांहून जुनी कोरीव वस्तू, इमारतीतून सुटी केलेली असली तरी, पुरावशेषात मोडते आणि तिचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही. कायदा माहीत असू द्या, पण त्याहून उपयोगी म्हणजे फोटो. प्रत्येक दार, खांब, कोनाडा, हंडी यांचे फोटो मोजमाप दिसेल असे काढून ठेवा. चोरी झाली तर पोलिसांना दाखवायला तेच कामी येतात.

माळ्यावर दप्तर आहे, लाल रुमालात बांधलेलं. मोडीतले कागद आहेत, हिशेबाच्या वह्या आहेत. त्यांना सेलोटेप लावायचा नाही, प्लॅस्टिकमध्ये कोंबायचे नाहीत, लॅमिनेशन तर कधीच नाही. धुतलेल्या सुती कापडात बांधा, आत वेखंड ठेवा, पावसाळा संपला की सावलीत वारा द्या. इतिहासाचार्य राजवाडे अशाच माळ्यांवरून, अशाच रुमालांमधून कागद शोधत गावोगाव फिरले. १८९८ साली त्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड आला आणि पुढे बावीस खंड झाले. ते धुळ्यातच, १९२६ च्या अखेरीस गेले, आणि दुसऱ्याच वर्षी तिथे राजवाडे संशोधन मंडळ उभं राहिलं. धुळ्यातच समर्थ वाग्देवता मंदिरात शंकर श्रीकृष्ण देवांनी जमवलेली रामदासी हस्तलिखितं आहेत. या दोन्ही जागा आधी जाऊन बघा, कागद कसे ठेवतात ते बघा. मग आपल्या दप्तराच्या प्रती काढून घ्या. वंशावळ कशी होती यापेक्षा त्या वर्षी कापूस काय भावाने गेला आणि दुष्काळात कुणाला किती धान्य दिलं, हे त्यातलं खरं मोलाचं.

वाटणीचं बोलायला कुणाला आवडत नाही, पण धाब्याच्या खालोखाल वाडे घालवले ते वाटणीने. चौकात भिंत घातली की दोन्ही बाजूंचं पाणी कुठे जाणार? एका भावाने धाबं केलं आणि दुसऱ्याने नाही, तर मधली तुळई दोघांची कुजते. हिस्से कागदावर करा, वाड्यावर नको. गावठाणाची मोजणी होते तेव्हा मिळकत पत्रिकेवर चौक, जिना, धाबं आणि पन्हाळीची गल्ली ‘सामाईक’ म्हणून लिहून घ्या. स्वामित्व योजनेत २०२० पासून ड्रोनने गावठाणं मोजली जात आहेत. त्या वेळी हजर राहा, कोरी सही करू नका. चुलत्यांना सगळ्यांना बोलवा, मुंबईच्यांनाही. दर वर्षीच्या धाब्याच्या खर्चाचा हिस्सा ठरवून लिहून ठेवा आणि तो आखाजीच्या आधी जमा करा.

वाडा बंद ठेवायचा नाही. बंद घरात वाळवी, वटवाघळं आणि ओल राहायला येतात. चाळीसगावला छायाचित्रकार केकी मूस स्टेशनजवळच्या त्यांच्या बंगल्यात जवळजवळ आयुष्यभर राहिले, तिथेच फोटो काढले, तिथेच चित्रं आणि मूर्ती जमवल्या. १९८९ मध्ये ते गेले. आज ते घर संग्रहालय आहे आणि आत शिरल्यावर माणसाची राहणी दिसते. जुन्या जळगावात चौधरी वाड्यातलं कवयित्री बहिणाबाईंचं घरही असंच जपलं आहे. तिथे बघण्यासारखं काय आहे, तर त्यांच्या घरातली भांडी आणि शेतीची अवजारं. ‘भव्य’ म्हणावं असं काही नाही, तरी लोक लांबून येतात. म्हणून आपल्या वाड्यातली जाती, माप, पायली, बळदाची झाकणं भंगारात घालू नका. पुढच्या ओसरीवर अभ्यासिका काढायचा तुमचा विचार मला पसंत आहे. मुलं रोज येतील, दारं उघडली जातील, झाडलोट होईल. लग्नाला भाड्याने देण्याच्या विरोधात मात्र मी आहे. एका मांडवात खांबांना किती खिळे ठोकतात ते मी बघितलं आहे.

आणि वाड्यामागच्या गढीची पांढरी माती कुणालाही नेऊ देऊ नका. लोक शेतात टाकायला मागतात, दर वर्षी एक-दोन गाड्या. खानदेशातल्या कितीतरी गढ्या तोफेने पडल्या नाहीत, त्या पायथ्यापासून अशा पाटी-पाटीने गेल्या. बुरूज उभा दिसतो आणि एका पावसाळ्यात खाली येतो. नाही म्हणताना वाईट वाटतं, तरी नाही म्हणा. शेतकऱ्याला खत हवं असेल तर आपल्या गोठ्यातलं द्या.

वाड्याची वही देवघराच्या फडताळात आहे. कोणत्या वर्षी कोणती कडी बदलली, चुना कुठून आणला, खारी कोणत्या नाल्याची चांगली निघाली, सगळं तुमच्या आबांनी आणि मी लिहिलेलं आहे. पुढची पानं कोरी आहेत. धाबं करणारा मिस्त्री आता सुरतेला असतो, आखाजीलाच चार दिवस गावी येतो आणि सगळे त्याच्याच मागे लागतात. त्याला चैत्रातच फोन करा. नंबर वहीच्या शेवटच्या पानावर आहे.